दाजीपंतांचे पंधरा मैल

माणूस स्वतःच्या पायांनी पळू शकतो, ही गोष्ट दाजीपंतांना वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत मान्य नव्हती. पळणं हे घोड्याचं, चोराचं आणि टपालवाल्याचं काम, असं त्यांचं मत होतं, आणि दाजीपंतांचं मत म्हणजे तीन कलमांचा ठराव असे. गृहस्थानं चालावं, तेही पोटाच्या मागून, घाई न करता. त्यांचं पोट तसं पुढं चालण्याजोगं होतंही.

परवा वर्तमानपत्रात कुठल्याशा लांब पल्ल्याच्या शर्यतीची बातमी वाचली. पळणाऱ्यांसाठी वाटेत ठिकठिकाणी पाण्याची सोय केली होती, असं शेवटी एका ओळीत छापलं होतं. ती ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला. दाजीपंतांच्या पाण्याची सोय आठवली आणि हसू आलं. मग हसू गेलं.

ठाण्याच्या कचेरीत आम्ही समोरासमोर बसत असू. माझ्याकडे नकला करण्याचं काम होतं, त्यांच्याकडे बारनिशी. म्हणजे कचेरीत येणाऱ्या आणि कचेरीतून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर आकडा घालायचा आणि त्याची नोंद वहीत करायची. वीस वर्षं हेच केल्यामुळे जग दोनच वाटांनी चालतं, आवक आणि जावक, अशी त्यांची खात्री झाली होती. "बारनिशीला नाही ते घडलं नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा शिपायानं येऊन सांगितलं की पंत, तुमचा कासोटा सुटलाय. दाजीपंतांनी मान वर न करता विचारलं, "तक्रार लेखी आहे का?" शिपाई हसत गेला. कासोटा दुपारपर्यंत तसाच राहिला.

राहायला ते कल्याणला, पारनाक्याजवळ. मी नौपाड्यात. रोज सकाळी ते आगगाडीनं ठाण्याला येत आणि गाडी चुकू नये म्हणून तासभर आधी स्टेशनात जाऊन बसत. उशिरा आलेला कोणी धोतर सावरत गाडीमागं धावू लागला, की खिडकीतून तपकिरीची डबी धरलेला हात बाहेर काढून हे त्याला उपदेश करत. उपदेश पुरा होईपर्यंत तो बिचारा मागं राहिलेला असे.

तर अशा माणसाच्या वाट्याला ती शर्यत आली, आणि ती त्यांनी आपल्या तोंडानं ओढवून घेतली. त्या वर्षी आमच्याकडे एक तरुण गोरा साहेब आला होता. विलायतेच्या वर्तमानपत्रात त्यानं वाचलं की ग्रीस देशात पंचवीस मैल पळण्याची शर्यत झाली आणि ती तिथल्याच एका साध्या पाणी वाहणाऱ्या माणसानं जिंकली. साहेबाच्या डोक्यात ते शिरलं. आपल्याकडच्या उन्हात पंचवीस मैल नकोत, पण कल्याण ते ठाणे सडकेनं पंधरा मैल पळायला काय हरकत आहे, असं त्याला वाटलं. त्यानं सहज विचारलं, "तुमच्या कचेरीतलं कोणी पळेल का?" दाजीपंत त्या वेळी सहीचे कागद घेऊन उभे होते. गप्प राहून कागद उचलले असते तर काही झालं नसतं.

"साहेब," ते म्हणाले, "पळणं हे पायांचं काम नव्हे, पद्धतीचं आहे. पद्धत असली की कोणीही पळेल."

"उत्तम," साहेब म्हणाला, "मग तुम्ही पळा." आणि त्यानं समोरच्या कागदावर त्यांचं नाव लिहिलं. कागद बारनिशीला आला. त्यावर आकडा दाजीपंतांनीच घातला.

शर्यतीचे नियम साहेबानं इंग्रजीत काढले होते. त्यात एक कलम असं होतं की, शर्यत हौशी माणसांची आहे. पळण्याचा मोबदला घेणाऱ्यानं तीत भाग घेऊ नये. मराठी तर्जुमा माझ्याकडे आला. दाजीपंत माझ्या बैठकीशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "भाऊराव, एवढ्यानं भागायचं नाही. स्पष्ट लिहा. टपाल, निरोप अगर पालखी वाहून पोट भरणाऱ्या इसमांस सक्त मज्जाव." मी विचारलं, एवढं स्पष्ट कशाला? ते म्हणाले, "शहाडचा गोमा पाहिलाय का कधी? नाही ना? मग लिहा." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं, याचा मला तेव्हा अभिमान वाटे.

गोमा हा शहाडचा आगरी. कल्याणहून आलेली टपालाची पिशवी खांद्यावर टाकून मुरबाडच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत तो रोज पळत जाई आणि तिकडची पिशवी घेऊन पळत परत येई. हातात घुंगरं बांधलेली काठी. पन्नाशीला टेकलेला, अंगावर मांस असं नाहीच, आणि चाल अशी की घुंगरांचा ताल चढावर बदलत नसे की उतारावर. शर्यतीत तो असता तर बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठीच पळायचं होतं, हे आमच्या बारनिशीनं बरोबर ओळखलं होतं.

पहिले पंधरा दिवस दाजीपंतांनी स्वतःच्या पद्धतीनं तयारी केली. डोक्याला पगडी, पायात पुणेरी जोडा, खांद्यावर उपरणं, तळपायांना तूप. चढावर उजव्या नाकपुडीनं श्वास, उतारावर डाव्या. सकाळी उठल्यावर डिंकाचे दोन लाडू आणि पळून आल्यावर शक्ती भरून यावी म्हणून आणखी दोन. कल्याणच्या शेनाळे तळ्याला फेरी घालायची असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी पाव फेरीत ते पायरीवर बसले. पाणी भरायला आलेल्या एका म्हातारीला वाटलं की भटजींनी तळ्याकाठच्या देवीला प्रदक्षिणांचा नवस बोललाय. तिनं त्यांच्यापुढं नारळ ठेवून नमस्कार केला आणि विचारलं, "कशापायी वो नवस?" दाजीपंत दम खात म्हणाले, "लोककल्याणार्थ." नारळ घरी आणला. त्याचेही लाडू झाले.

पंधरा दिवसांनी मी विचारलं, किती मैल झाले? ते म्हणाले, "पद्धत बसली आहे, आता फक्त अंतर बाकी आहे."

मग एका सोमवारी ते जरा गोरेमोरे होऊन कचेरीत आले आणि हळूच म्हणाले, "मी गोमाकडे जायचं ठरवलंय." ज्या माणसाला कागदावर मज्जाव केला त्याच्याकडेच शिकायला जाण्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. उलट ते म्हणाले, "त्याला अनायासे वेळ आहे. त्याला कुठं शर्यत पळायची आहे?"

तेव्हापासून दाजीपंत रोज पहाटे उठून शहाडला जात. गोमा पिशवी घेऊन पुढं, हे मागं. मध्ये पाच हातांचं अंतर. हे अंतर दाजीपंतांनी पहिल्याच दिवशी काठीनं मोजून दिलं होतं. त्याहून जवळ आलं तर विटाळ आणि लांब गेलं तर घुंगरं ऐकू यायची नाहीत. एका रविवारी मीही गंमत पाहायला गेलो. दाजीपंत पळता पळता बोलत होते. श्वासाच्या पद्धतीवर त्यांचं तिसरं कलम चाललं होतं. गोमा मागं न बघता म्हणाला, "पंत, तोंड मिटा. बोलनं पुढं गेलंय, पाय मागं रायलंत."

दाजीपंत गप्प झाले. त्यांना कोणी गप्प केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

गोमानं त्यांचा जोडा काढायला लावला. पगडीवर वाद झाला. शेवटी रुमाल बांधायचं ठरलं. उपरणं गेलं, तूप गेलं, लाडू चारांवरून दोनांवर आले. "चढावर लांब टांग टाकू नका," तो सांगे. "ल्हान ल्हान टाका. डोंगराला समजलं नाय पायजे का तुमी चढताव." आणि पाण्याबद्दल त्याचं सांगणं असं की, "तहान लागायच्या आदी घोट घ्याचा. लागली का मंग उशीर." हे सांगताना तो कमरेचा पाण्याचा भोपळा सोडून, त्याला तोंड लावून पाणी पिई. दाजीपंत पाच हातांवर उभे राहून कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत. त्यांचं पाणी घरी, कल्याणला, झाकलेलं असे.

त्या रविवारी परतताना गोमानं एकच गोष्ट विचारली. "पंत, सायबानं आमाला का नाय घेतलं वो? मी बी गेलो असतो एक दीस."

दाजीपंत म्हणाले, "सरकारी नियम आहे बाबा. वरून आलेला."

मी सडकेच्या कडेचं गवत पाहत चालत होतो. ते कलम ज्यानं सांगितलं आणि ज्यानं लिहिलं, असे आम्ही दोघंही त्याच्यासमोर होतो.

पण खोटं कशाला बोलू, माणूस पळायला लागला. दोन महिन्यांत पोट मागं सरलं, मानेवरची वळी गेली. डोंबिवलीपर्यंत जाऊन येऊ लागले. कचेरीत आल्यावर तपकिरीसाठी हात डबीकडे जाई आणि परत येई. गोमानं बंद करायला सांगितली होती. बोलणं कमी झालं. एकदा दुपारच्या वेळी खिडकीतून बाहेर पाहत ते मला म्हणाले, "भाऊराव, सहा मैलांनंतर एक वेळ अशी येते की डोक्यात काहीच राहत नाही. आवक नाही, जावक नाही." मला त्यांचा हेवा वाटला. मी आयुष्यात कधी स्टेशनापर्यंतही पळालो नाही.

इतकं सगळं सुरळीत चाललं असताना भिवंडीचे बाबाशास्त्री कल्याणला आले. दाजीपंतांच्या मुलीचं, यमूचं, त्यांच्या मुलाशी ठरलं होतं. मार्गशीर्षात लग्न. शास्त्रीबुवा फार कडक. दाजीपंत गोरे, पारशी, किरिस्ताव यांच्या मेळ्यात उघड्या पोटऱ्यांनी पळणार, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ओटीवर चार माणसं बसली होती, त्यांच्यात मीही होतो. शास्त्रीबुवा म्हणाले, "साहेबाला शब्द दिलात, पळा. पण पंधरा मैल उन्हातून जायचं, तहान लागणार. वाटेत परक्या हातचं पाणी घेतलंत असं कळलं, तर हे लग्न होणार नाही. आमच्या घरात देव आहेत."

यमूचं याआधी एकदा ठरून मोडलं होतं, पत्रिकेच्या कारणानं. दुसऱ्यांदा मोडलं असतं तर तिला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं, हे त्या ओटीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. माजघराच्या दारामागं बांगड्या वाजायच्या थांबल्या. दाजीपंतांनी जानवं हातात धरलं आणि म्हणाले, "सोवळ्यातल्या ब्राह्मणाच्या हातचं, नाहीतर थेंब नाही."

मग अंगची सवय उसळली आणि त्यांनी पाण्याची व्यवस्था कलमवार लावली. तीन ठाणी. पहिलं डोंबिवलीला, तिथं चुलतभाऊ. दुसरं मुंब्र्याला देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी, तिथं मेहुणे सखारामपंत. तिसरं कळव्याला, तिथं एक भाचेजावई. तिघांनीही स्नान करून ओलेत्यानं, तांब्याची घागर घेऊन सडकेच्या कडेला उभं राहायचं, कोणाला शिवायचं नाही, आणि पंत आले की वरून ओंजळीत धार धरायची. गोमाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आनि त्यांना कोन शिवला तं?" दाजीपंत म्हणाले, "सडकेवर कोण शिवतंय?"

शर्यत कोजागिरीनंतरच्या रविवारी होती. ऊन असं की सकाळी आठालाच सावलीत जाऊन बसावं वाटे. सात माणसं पळायला उभी राहिली. त्यांत रेल्वेतला एक गार्ड होता, पाद्र्यांच्या शाळेतले एक मास्तर होते, आणि आमचे दाजीपंत, डोक्याला रुमाल, धोतराचा काचा मारलेला, अनवाणी. मला साहेबानं घड्याळ देऊन टांग्यात बसवलं होतं. मागच्या माणसांवर लक्ष ठेवायचं, वेळ लिहायची आणि कोणालाही हात लावून मदत करायची नाही, अशी सक्त ताकीद.

डोंबिवलीपर्यंत पंत झकास आले. चुलतभाऊ ओलेत्यानं उभा होता. पण पाणी प्यायचं तर आधी पाय धुवायचे, मग आचमन, मग उकिडवं बसून ओंजळ. या सगळ्यात गार्ड आणि मास्तर दिसेनासे झाले. दाजीपंत उठले, तोंड मिटलं आणि पुन्हा निघाले. चढावर लहान पावलं. मागून बघताना मला वाटलं, याला जरा दोन घोट पाणी मिळत राहिलं तर हा माणूस खरंच पोचेल.

ऊन चढत गेलं. चौघं वाटेत बसले, त्यांना गाड्यांत घेतलं. मुंब्र्याचा डोंगर दिसू लागला तेव्हा दाजीपंतांच्या ओठांना पांढरं आलं होतं, रुमाल कोरडा पडला होता. घाम येणं थांबलं होतं. ते पळत नव्हते, पुढं पडत होते आणि पाय कसेबसे वेळेवर येत होते. डोळे मात्र डोंगराच्या पायथ्याशी लागलेले.

पायथ्याशी सखारामपंत नव्हते. सडकेच्या कडेला मातीवर मोठा ओला डाग होता आणि तो कडांनी वाळत चालला होता.

झालं होतं असं: मासळीची पाटी घेऊन एक कोळीण बाजूनं गेली आणि पाटीतलं पाणी सखारामपंतांच्या खांद्यावर ठिबकलं. सोवळं मोडलं. घागरही बाटली. सखारामपंतांनी नियमाला धरून सगळं पाणी ओतून टाकलं आणि घागर घेऊन विहीर शोधायला गेले, कारण खाडीचं खारं पाणी स्नानाला चालत नाही. पुढं ते अर्ध्या तासानं परत आले, ताजं पाणी भरून, ओलेत्यानं, आणि सडकेच्या कडेला पुन्हा उभे राहिले. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

दाजीपंत त्या ओल्या मातीपाशी गुडघ्यावर बसले. तिच्यावर हात ठेवला. मी टांग्यातून उतरलो, पण माझ्याजवळ पाणी नव्हतं. टांगेवाल्याजवळ मशक होती, तो मुसलमान. कळव्याची घागर अजून अडीच मैलांवर.

समोर चिंचेखाली गोमा बसला होता. त्या दिवशी त्यानं आपली पिशवी भावाला दिली होती आणि शिष्य कसा पळतो ते बघायला पहाटेच निघून इथं येऊन बसला होता. तो उठला, पाच हातांवर येऊन थांबला आणि त्यानं भोपळा जमिनीवर ठेवला. "पंत," तो म्हणाला, "मराल."

दाजीपंतांनी सडकेकडे पुढं पाहिलं, मागं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी डोंगराकडे पाहू लागलो. देवीचं ठिकाण किती उंच आहे, पायऱ्या कुठून सुरू होतात, असलं काहीतरी मी अगदी लक्ष देऊन पाहत होतो. भोपळ्यातून घशात पाणी जाण्याचा आवाज बराच वेळ आला. ओंजळ नाही, आचमन नाही. तोंड लावून. गोमाच्या उष्ट्याला.

"बास," गोमाचा आवाज आला. "ज्यास्त नको. उठा. पला आता."

आणि ते पळाले. कळव्याच्या घागरीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. भाचेजावई धार धरून उभा राहिला आणि पंत त्याच्या समोरून निघून गेले. खाडी ओलांडून ते ठाण्यात शिरले तेव्हा ठाण्याची माणसं दुतर्फा उभी होती. आमचे दाजीपंत तिसरे आले. सातांतले तीनच पोचले होते, हे मी सांगून टाकतो. पण पोचले ते त्यांच्या पायांनी.

कचेरीच्या आवारात समारंभ झाला. साहेबानं पहिल्या दोघांना बक्षिसं दिली आणि कचेरीच्या नोकरांतून पहिला येणाऱ्यासाठी ठेवलेला चांदीचा पेला दाजीपंतांना दिला. कचेरीतून ते एकटेच पळाले होते. टाळ्या पडल्या. मग बाबाशास्त्री पुढं आले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी विचारलं, "मुंब्र्याला सखारामपंत नव्हते म्हणे. कळव्याला तुम्ही थांबला नाहीत. मग पाणी?"

"डोंबिवलीनंतर थेंब नाही," दाजीपंत म्हणाले.

आवारात एकच कुजबुज उठली. दहा मैल, या उन्हात, निर्जळ. कोणी म्हणालं आचाराचं सामर्थ्य, कोणी म्हणालं गायत्रीचं. दाजीपंतांनी इथं थांबायला हरकत नव्हती. पण दोन महिने मिटलेलं तोंड उघडलं होतं. तहान हा केवळ मनाचा विकार आहे, शुद्ध अन्नावर वाढलेल्या शरीराला ती बाधत नाही, ही गोष्ट जन्मानंच यावी लागते, शिकून येत नाही. तीन कलमं झाली. गोमा कुंपणापाशी काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. पंतांमागं तोही मुंब्र्याहून चालत आला होता.

मागाहून गाडीनं आलेल्या सखारामपंतांनी नेमकं त्याला ओळखलं. "हा तिथं चिंचेखाली होता," ते म्हणाले. शास्त्रीबुवा त्याच्याकडे वळले. "काय रे, तू यांना पाणी दिलंस?"

गोमानं हनुवटी उचलली आणि सावकाश म्हणाला, "मागलं असतं तं दिलं असतं, बुवा."

शास्त्रीबुवांचं समाधान झालं. त्यांनी दाजीपंतांना मिठी मारली. मार्गशीर्षातला मुहूर्त नक्की झाला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी हळूच विषय काढला. दाजीपंत आकडे घालत होते. "तसा कागद आला आहे का कुठं?" ते म्हणाले. "मग घडलं नाही." पण त्या दिवशी त्यांनी दोन कागदांना एकच आकडा घातला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. पळायला जाणंही बंद झालं. चार दिवसांत तपकिरीची डबी पुन्हा हातात आली, पण बोलणं काही पहिल्यासारखं आलं नाही. गुरुवारी ते मला म्हणाले, "रविवारी कल्याणला या. शहाडला जाऊन येऊ. एकट्यानं जाणं बरं दिसत नाही."

रविवारी त्यांच्या घरी आम्ही जेवलो. यमूनं वाढलं. हळद लागायची होती तरी पोरगी आत्ताच उजळली होती, आणि तिच्या आईनं मला तीनदा आग्रह केला. मग दाजीपंतांनी पेला उपरण्यात गुंडाळला आणि आम्ही चालत निघालो. वाटेत ते एवढंच बोलले, "माणसानं ऋण ठेवू नये."

गोमाचं घर सडकेला लागून होतं. तो ओट्यावर काठीची घुंगरं बसवत होता. दाजीपंतांनी पेला ओट्याच्या कडेवर ठेवला आणि म्हणाले, "गोमा, हा तुझा. तुझ्यामुळे मी पोचलो." मला वाटतं, ते वाक्य त्यांनी आठवडाभर घासूनपुसून तयार केलं होतं, आणि ते खरं होतं.

गोमानं पेल्याकडे पाहिलं. "माजा कसा? मला तं मज्जाव व्हता."

दाजीपंतांनी पेला बोटानं आणखी आत सरकवला. गोमानं घुंगरं बाजूला ठेवली. "रागानं नाय बोलत, पंत. पोरीचं लगीन हाय, तुमी काय बोलनार. मी बी तेच बोललो असतो." मग म्हणाला, "पर एक करा. यातनं घोटभर पानी पिऊन जा. आमच्या घरचं, उजेडात. मंग ठेवतो मी पेला."

त्याची बायको आत ऐकत होती. तिनं बाहेर येऊन पेला उचलला, पाण्यानं काठोकाठ भरून आणला, ओट्यावर ठेवला आणि ती लांब सरकून उभी राहिली, म्हणजे पंतांना विटाळ होऊ नये. पाच हात नीट सोडले होते तिनं.

दाजीपंतांनी सडकेकडे पाहिलं. भर दुपार, सडक दोन्ही बाजूंनी रिकामी होती. शास्त्रीबुवा भिवंडीला होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं तोंड फिरवलं असतं तर पुरे होतं. मला आजवर वाटत आलंय की ते प्यायले असते. पण मला आत जाऊन आलेला तो पेला, त्याच्यावरचा त्या बाईचा हात, हे सगळं दिसत होतं, आणि मी दाजीपंतांकडे पाहत राहिलो, ते काय करतात ते बघायला.

"आज एकादशी आहे, गोमा," दाजीपंत म्हणाले. "निर्जळी."

ती नवमी होती. आमच्या दोघांच्या मिशांना अजून वरणभाताच्या तुपाचा वास होता.

दाजीपंत वळले आणि चालू लागले. मग चालणं भरभर झालं. तोंड मिटलेलं, पावलं लहान, सारख्या अंतरानं पडणारी, जशी त्यांना शिकवली होती. वळणापर्यंत ते पळतच होते.

गोमाची बायको पेल्याकडे बघत उभी होती. गोमानं तो उचलला आणि माझ्यापुढं धरला. "भाऊराव," त्यानं शांतपणे विचारलं, "तुमाला बी एकादशी हाय?"

मी हो म्हटलं, आणि त्यांच्या मागं निघालो.